अल्पसंख्याक दर्जा आणि कायदेशीर सल्लागार

वरच्या प्रतिसादात असे म्हटले आहे की, भाषिक अल्पसंख्याक दर्जा मिळाला की बेळगावातील मराठी शिक्षणसंस्थेला नियमपालनासाठी वेगळ्या वकिलाची गरज उरत नाही. हे मला पटत नाही.

राज्यघटनेच्या कलम ३० खालील, अल्पसंख्याकांनी आपल्या शिक्षणसंस्था स्थापून चालवण्याचा हक्क खरा आहे, आणि अल्पसंख्याक कोण हे राज्यनिहाय ठरवावे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या टी. एम. ए. पै निकालाने स्पष्ट केल्यामुळे कर्नाटकातील मराठी भाषकांना तो निश्चितच लागू होतो. परंतु राष्ट्रीय अल्पसंख्याक शैक्षणिक संस्था आयोगाकडे जाण्याचा त्या प्रतिसादात सुचवलेला मार्ग चुकीच्या दारात नेतो, कारण या आयोगाच्या २००४ च्या कायद्याखाली केंद्राने अधिसूचित केलेले समाज केवळ धार्मिक आहेत. भाषिक दर्जासाठी राज्य शासनाकडेच अर्ज करावा लागतो.

दुसरे म्हणजे, हा दर्जा प्रवेश आणि व्यवस्थापन यांबाबत मोकळीक देतो. राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या संलग्नतेच्या अटी, रॅगिंगविरोधी नियम किंवा लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीची अंतर्गत तक्रार समिती यांतून सूट देत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनुसार त्या समितीत निम्म्या तरी महिला आणि एक बाहेरील सदस्य असावा लागतो, शिवाय विभागप्रमुखांसारखे वरिष्ठ पदाधिकारी तिच्यात बसू शकत नाहीत. संस्थेचे जमिनीचे दावे चालवणारे वकीलसाहेब (आपल्याकडे बहुधा तेच सगळे पाहतात) हे तपशील पाहतीलच असे नाही. म्हणून सेवाविषयक आणि विद्यापीठीय कायद्याची सवय असलेला, कन्नड आदेश मुळातून वाचणारा सल्लागार वार्षिक मानधनावर नेमावा, आणि समितीची रचना त्याच्याकडून आधी तपासून घ्यावी.