श्रीलिपीत टाइप केलेलं पुस्तक: ई-बुक आणि छापील प्रत, दोन्हींची मांडणी कशी करावी?

बांधावरून

देशी बियाण्यांवरचं पुस्तक स्वतःच प्रकाशित करायचं आहे. साधारण ६२ हजार शब्द, ३८ कृष्णधवल फोटो आणि पेरणीचे चार तक्ते. मजकूर पेजमेकर या पानं जुळवण्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, श्रीलिपीच्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टात टाइप झाला आहे. डेमी आकारात २४६ पानं होताहेत. पेजमेकरची फाइल आणि पीडीएफ दोन्ही हाताशी आहेत. ३०० प्रती छापायच्या आहेत आणि किंडलवर ई-बुकही टाकायचं आहे.

पीडीएफमधला मजकूर कॉपी करून वर्डमध्ये चिकटवला की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी येते. कन्व्हर्टरमधून (जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक असलेल्या पद्धतीत, बदलणाऱ्या प्रोग्रॅममधून) काढल्यावर मराठी दिसलं, पण 'दऱ्याखोऱ्यांत'चं 'दर्याखोर्यांत' झालं. किंडलच्या प्रिव्ह्यूमध्ये मधूनमधून ठिपक्यांची वर्तुळंही दिसतात. सगळं पुन्हा टाइप करावं का? की छपाईला पेजमेकरचीच फाइल द्यावी आणि युनिकोड फक्त ई-बुकसाठी ठेवावं?

मुद्रितशोधक

पुन्हा टाइप करू नका. पण छपाईला पेजमेकर आणि ई-बुकला युनिकोड असंही करू नका. शेवटच्या प्रुफात निघालेल्या चुका मग दोन ठिकाणी दुरुस्त कराव्या लागतात, त्यातली एखादी हमखास राहते आणि दोन वेगळी पुस्तकं तयार होतात. एकच स्वच्छ युनिकोड प्रत करा. छपाईची फाइल तिच्यातून काढा, ई-बुकची फाइलही तिच्यातूनच काढा.

पीडीएफला हात लावू नका. जुन्या फॉन्टांत अक्षरं इंग्रजी कळांच्या जागी बसवलेली असतात, म्हणून कॉपी केल्यावर मूळ इंग्रजी चिन्हं दिसतात. शिवाय पीडीएफमध्ये मजकूर ओळीओळीने तुटलेला असतो आणि पानांचे क्रमांक वाक्यात घुसतात. पेजमेकरमधून मजकूर एक्स्पोर्ट करा आणि तो कन्व्हर्टरला द्या. श्रीलिपीत फॉन्टांच्या एकाहून अधिक मालिका आहेत आणि प्रत्येकीचा अक्षर-नकाशा वेगळा. मालिका चुकीची निवडली तर बरीचशी अक्षरं बरोबर येतात आणि जोडाक्षरं मात्र बिघडतात. तुमच्या मजकुरातली इंग्रजी नावं, विशेषतः वनस्पतींची शास्त्रीय नावं, रूपांतरात निरर्थक मराठी होऊन येतील. ती छापील प्रतीवर आधीच पेन्सिलने खुणावून ठेवा आणि नंतर हाताने भरा.

रूपांतरित मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवून नोटपॅड प्लस प्लसमध्ये शोधा-बदला चालवा. वर्डच्या शोधात न दिसणारी चिन्हं कधी धरली जातात, कधी सुटतात. या जागा नक्की तपासा:

'आ' हे एक अक्षर असायला हवं, पण कन्व्हर्टर 'अ' आणि काना वेगवेगळे टाकतो. 'ओ'च्या जागी 'आ' अधिक मात्रा येते, 'ऐ'च्या जागी 'ए' अधिक मात्रा. तुम्हाला दिसणाऱ्या ठिपक्यांच्या वर्तुळांपैकी बरीच इथूनच येतात.

अनुस्वार आणि उकार यांचा क्रम उलटतो. 'कुंभार' मध्ये क, उकार, मग अनुस्वार असा क्रम हवा. जुन्या फॉन्टात टाइप करणारा आधी अनुस्वार मारून मोकळा होतो, कारण कागदावर दोन्ही सारखंच दिसतं.

पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी राहिलेली असते. युनिकोडमध्ये ती नेहमी व्यंजनानंतर येते. वेलांटीच्या आधी रिकामी जागा आली असेल तर तिथे चूक आहे.

विसर्गाच्या जागी कोलन. 'अंतःकरण', 'स्वतः', 'दुःख' हे शब्द मुद्दाम शोधा.

आता तुमच्या दऱ्याखोऱ्या. साधा र, हलन्त (अक्षराचा पाय मोडणारी खूण) आणि य एवढंच आलं की नियमाने रफार होतो, म्हणून दरीचा दर्या झाला. काही कन्व्हर्टर मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह टाकतात. ते एखाद्या प्रणालीत गळलं की पुन्हा रफार. पक्का उपाय म्हणजे युनिकोड क्रमांक ०९३१ चा ऱ वापरणं. पण सरसकट बदलू नका, कारण 'आचार्य', 'सूर्य', 'कार्य' यांत रफारच हवा. 'ऱ्या', 'ऱ्हा', 'ऱ्यां' येऊ शकणारे शब्द एकेक पाहून बदला: दुसऱ्या, शेतकऱ्यांना, वाऱ्यावर, तऱ्हा. 'ॲ'साठीही ०९७२ क्रमांकाचं एकच अक्षर ठेवा. 'अ' आणि चंद्र वेगळे असले तर वाचकाने 'ॲसिड' शोधलं की सापडत नाही.

एवढं झालं की मगच मुद्रितशोधन. ते कागदावर प्रिंट काढून, मूळ प्रत शेजारी ठेवून.

पानजुळणी

छपाईबद्दल लिहितो.

डेमी एक-अष्टमांश म्हणजे कापलेलं पान ५.५ बाय ८.५ इंच, सुमारे १४० बाय २१६ मिमी. समास आत २० मिमी, बाहेर १५, वर १८, खाली २० ठेवलेत तर मजकुराला १०५ बाय १७८ मिमी जागा मिळते. आतला समास मोठा ठेवावाच लागतो. परफेक्ट बाइंडिंगमध्ये पाठीला डिंक लागतो आणि पुस्तक सपाट उघडत नाही. तिथे १२ मिमी ठेवले की ओळीचा शेवटचा शब्द घळीत जातो.

अक्षर १२ ते १२.५ पॉइंट, ओळींतलं अंतर १८ पॉइंट. म्हणजे पानावर २८ ओळी. देवनागरीला इंग्रजीसारखं १४-१५ पॉइंटांवर बसवलं तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या रफार-वेलांट्यांना भिडतात. पानं वाचवण्यासाठी हे अंतर कमी करू नका. पानं दुसरीकडे वाचतात.

ऑफसेटला एक फॉर्म, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेला पानांचा संच, १६ पानांचा. २४० पानं म्हणजे बरोबर १५ फॉर्म. तुमची २४६ होताहेत, म्हणजे साडेपंधरा फॉर्म धरून २४८ तरी करावी लागतील. प्रकरणांच्या शेवटी दोन-चार ओळींसाठी सांडलेली पानं शोधा. तशी सहा सापडली की २४० वर येता. ३०० प्रतींना डिजिटल छपाईचाही भाव घ्या. तिथे प्लेटचा खर्च नसतो.

मांडणीला इनडिझाइन हे सॉफ्टवेअर वापरणार असाल तर परिच्छेदाच्या पर्यायांतला 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर आधी निवडा. तो नसेल तर वेलांटी अक्षरानंतर पडते आणि जोडाक्षरं फुटतात. भाषा मराठी निवडली की ज्या फॉन्टात सोय आहे त्यात मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' येतात. नाहीतर हिंदी वळणाचे येतात, आणि आपल्या वाचकाला ते २४० पानं खुपत राहतात.

मोफत फॉन्टांपैकी 'टिरो देवनागरी मराठी' मजकुराला उत्तम आहे आणि मराठी वळण त्यात मुळातच आहे. पण त्याला ठळक अक्षर नाही. वर्डमध्ये बी दाबलंत तर वर्ड रेघा जाड करून खोटं ठळक बनवतो आणि 'क्ष', 'द्ध' भरून जातात. शीर्षकांना 'मुक्ता' वापरा, त्यात सात वजनं आहेत. आयआयटी मुंबईच्या 'शोभिका'त ठळक अक्षर आहे.

वर्डमध्येच मांडणी करणार असाल तर एक सापळा लक्षात ठेवा. स्टाइलमध्ये इंग्रजीसाठी एक फॉन्ट आणि माप असतं, देवनागरीसाठी 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' या नावाखाली वेगळं. वरच्या रकान्यात १२.५ लिहिलं आणि खालचा रकाना तसाच राहिला तर मराठी मजकूर जुन्याच मापात राहतो.

फोटो ग्रेस्केल, छापल्या मापाला ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके). १०५ मिमी रुंद फोटोला सुमारे १२४० पिक्सेल लागतात. मॅपलिथो हा पुस्तकांचा बिनचकाकीचा कागद शाई पितो, म्हणून पडद्यावर बरा दिसणारा फोटो छापून काळवंडतो. मधल्या छटा थोड्या उजळ करून द्या. मजकूर फक्त काळ्या शाईत आहे ना, हे पीडीएफमध्ये तपासून घ्या. चार रंगांच्या मिश्रणातला काळा गेला तर अक्षरांच्या कडा अस्पष्ट येतात.

बांधावरून

खूप उपयोग झाला. 'अ' अधिक काना असे १,१०० हून जास्त 'आ' निघाले. ई-बुकसाठी हीच इनडिझाइनची फाइल ईपब (ई-बुकचा फाइल-प्रकार) म्हणून काढली तर चालेल का? आणि तक्ते चित्र म्हणून, त्यांचा फोटो काढून घालावेत का?

अक्षरप्रवाह

इनडिझाइनमधून ईपब निघतो, पण तुमच्या पुस्तकाला शुद्ध केलेल्या मजकुराची वर्ड फाइल घेऊन निघणं सोपं. प्रकरणाच्या नावाला 'हेडिंग १', आतल्या मथळ्याला 'हेडिंग २', बाकी सगळ्याला एकच परिच्छेद-स्टाइल. अनुक्रमणिका वर्डकडून आपोआप बनवून घ्या. ई-बुकमध्ये पान क्रमांकाला अर्थ नसतो, दुवा हवा. नवं प्रकरण पेज ब्रेकने सुरू करा. एंटर दाबदाबून पुढच्या पानावर नेलेलं प्रकरण मोबाइलवर अर्ध्या पडद्यावर येतं आणि वर नुसती पांढरी जागा दिसते. परिच्छेदाची सुरुवातीची जागाही स्टाइलमधून द्या, स्पेसबारने नको.

छपाईसाठी केलेले काही उपाय इथे उलटतात. अक्षरांत अंतर वाढवलं तर शिरोरेखा तुटते. प्रकरणाचं पहिलं अक्षर मोठं केलं तर 'स्त्री'सारख्या शब्दात नुसता 'स' मोठा होतो. ओळींतलं अंतर पॉइंटांत पक्कं बांधलं तर वाचकाने अक्षर मोठं केल्यावर ओळी एकमेकींवर चढतात, म्हणून ते १.५ पट असं प्रमाणात द्या. मजकुराचा फॉन्ट आणि माप वाचकावर सोडा. फॉन्ट जोडायचाच असेल तर खुल्या परवान्याचा जोडा. 'मंगल' मायक्रोसॉफ्टचा आहे, तो पुस्तकात घालून वाटता येत नाही.

तक्त्यांचे फोटो नकोत. वाचक अक्षर मोठं करतो तेव्हा चित्रातलं अक्षर तसंच बारीक राहतं, आणि शोधातही येत नाही. खरा तक्ता करा, पण तीन किंवा चारच रकान्यांचा. पीक, वाण, पेरणीचा काळ, अंतर, बियाण्याचं प्रमाण, उतारा असे सहा रकाने असतील तर दोन तक्ते करा आणि पीक हा रकाना दोन्हींत ठेवा.

फोटो वर्डमध्ये 'इन्सर्ट'मधून घाला, ओळीत बसवून. चिकटवलेले आणि मजकुराभोवती तरंगते फोटो भलतीकडे जातात. त्याआधी वर्डच्या पर्यायांत जाऊन चित्रं आपोआप लहान करणं बंद करा.

ईपब केलात तर फाइलची भाषा 'मराठी' नोंदवा आणि ईपबचेक या तपासणीच्या साधनातून काढा. मग किंडल प्रिव्ह्यूअरमध्ये फोन, टॅब्लेट आणि ई-रीडर या तिन्ही रूपांत बघा. अक्षर सगळ्यात मोठं करून सगळे तक्ते आणि 'ऱ्या'चे शब्द तपासा. मुखपृष्ठ वेगळं चढवायचं असतं: २५६० पिक्सेल उंच, १६०० रुंद, आरजीबी (पडद्यासाठीचे रंग). छापील मुखपृष्ठाची सीएमवायके (छपाईच्या चार शाईंची) फाइल तिथे देऊ नका, रंग मळतात.

मुद्रितशोधक

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून मोफत मिळतो. छापील पुस्तकाला एक आणि ई-बुकला वेगळा. किंडलवर तो नसला तरी चालतं, छापील प्रतीला मात्र घ्या. मागच्या कव्हरवर बारकोडसाठी साधारण ४० बाय २८ मिमीची पांढरी चौकट सोडा, रंगीत पार्श्वभूमीवर बारकोड छापू नका. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशनानंतर ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते. लेखकच प्रकाशक असेल तर ही जबाबदारी त्याची, म्हणून त्या प्रती ३०० मध्ये धरा.

पानजुळणी

कव्हर आत्ता पक्कं करू नका. आधी पानं आणि कागद ठरू द्या, कारण पाठीची जाडी त्यांवर आहे. प्रेसकडून त्याच कागदाची १०० पानपत्रं घ्या, व्हर्नियरने जाडी मोजा आणि १०० ने भागा. समजा एक पत्र ०.०९ मिमी निघालं, तर २४० पानांची १२० पत्रं म्हणजे १०.८ मिमी. त्यात कव्हरच्या कार्डाची दोन्ही बाजूंची जाडी मिळवा. पाठीवरचं नाव दोन्ही कडांपासून दीड-दोन मिमी आत ठेवा, कारण बाइंडिंगमध्ये कव्हर तेवढं सरकू शकतं. ब्लीड (कापताना निघून जाणारी जादा छपाई) चारही बाजूंना ३ मिमी. कव्हर कोरलड्रॉमध्ये होत असेल तर अक्षरं कर्व्ह करून (फॉन्टाऐवजी आकृत्यांत बदलून) द्या, पण त्याआधी पाठीवरचं नाव आणि मागचा मजकूर शेवटचा वाचून घ्या. कर्व्ह केल्यावर चूक सुधारता येत नाही, म्हणून कर्व्ह न केलेली प्रत वेगळी जपून ठेवा.