एएफएमसीची वेटिंग लिस्ट: लेकीला काय सांगू?

सुमन_औसा

नमस्कार. मी औसा तालुक्यात एका उपकेंद्रावर एएनएम, म्हणजे आरोग्यसेविका आहे. प्रश्न मुलीच्या प्रवेशाचा आहे. जरा सविस्तर लिहिते, कारण नुसता वेटिंगचा नंबर सांगून कुणाला काही कळायचं नाही.

मुलीनं यंदा मेडिकल प्रवेशाची नीट परीक्षा दिली. मार्क चांगले पडले. एमसीसीच्या (मेडिकल प्रवेशाच्या केंद्रीय समितीच्या) साइटवर तिनं पुण्याच्या एएफएमसीसाठी, म्हणजे सैन्यदलाच्या मेडिकल कॉलेजसाठी इच्छा नोंदवली होती आणि तिथून बोलावणं आलं. मुलींना तिथं ३० जागा असतात, म्हणून बोलावणं आलं त्याच दिवशी मी पेढे वाटले. 'इथवर आलीस हेच खूप' असं म्हणाले होते. आता वेटिंगला नाव लागलंय, तर तेच वाक्य माझ्या तोंडून निघत नाही.

मुलाखतीला आम्ही मायलेकी लातूर-मुंबई गाडीनं गेलो. पुण्याला उतरलो तेव्हा अंधारच होता. स्टेशनवर तोंड धुतलं, तिची वेणी मी बाकावर बसून घातली, आणि रिक्षानं वानवडी. आधी ती ४० प्रश्नांची इंग्रजी आणि तर्काची परीक्षा झाली, अर्ध्या तासाची. मग मानसशास्त्राची. मग मुलाखत. मी बाहेर झाडाखाली बसून होते. सगळ्या आया तशाच बसल्या होत्या, कुणी कुणाशी फार बोलत नव्हतं.

ती बाहेर आली ती हसत आली. म्हणाली, 'आई, तुझ्या डब्याबद्दल बोलले.' डबा म्हणजे माझा व्हॅक्सिन कॅरिअर. बोर्डातल्या एका मॅडमनी विचारलं, आई काय करते. तिनं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, लस गावापर्यंत कशी नेतात. तर हिनं सगळं सांगितलं. लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. आइसपॅक फ्रीझरमधून काढून लगेच कॅरिअरमध्ये घालायचे नसतात, नाहीतर पेंटासारखी लस गोठून वाया जाते. ते बाहेर काढून ठेवायचे, घाम फुटू द्यायचा, आणि कानाशी हलवून आत पाणी वाजलं की मगच घालायचे. लहानपणी सत्राच्या दिवशी सकाळी हे काम तिचंच असायचं. चारही आइसपॅक एकेक करून कानाला लावायची आणि 'वाजलं' म्हणायची.

त्यातच वेळ संपली. आणि जे सांगायचं ठरवून गेली होती ते राहिलं.

ते काय, तेही सांगते. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी दहा वर्षांची होते. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते, पहाटे चारच्या सुमाराला घर खाली आलं. माझा डावा हात दगडाखाली सापडला. मिलिटरीचे लोक आले, त्यांच्या तंबूत एका डॉक्टरनं माझा हात बसवून प्लास्टर घातलं. त्यांना मराठी येत नव्हतं, मला हिंदी येत नव्हतं. पूर्ण वेळ ते गुडघ्यावर बसून होते, म्हणजे त्यांचं तोंड माझ्या तोंडासमोर यावं म्हणून. पुढं पंधरा दिवसांत खाज सुटते म्हणून मी रडायला लागले, आणि आजीनं ते प्लास्टर पाण्यात भिजवून काढून टाकलं. मनगट थोडं वाकडं राहिलं ते त्यामुळं. लेक लहानपणापासून ते मनगट बघत आलीय. 'मी मिलिटरीत डॉक्टर होणार' हे ती पाचवीपासून म्हणते.

आता ती रोज रात्री एकच बोलते. 'आई, मी हाताचं सांगायला पाहिजे होतं. ते सांगितलं असतं तर वर लागले असते.'

राज्याच्या कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) पहिल्या फेरीत तिला एका सरकारी मेडिकल कॉलेजात जागा मिळालीय, आम्ही प्रवेश घेतलाय, मूळ कागद तिथं जमा आहेत. चार दिवसांच्या सुट्टीला आली ती परत जायला तयार नाही. मोबाइल हातात घेऊन बसते, पान रिफ्रेश करत राहते. जेवताना ताटाशेजारी मोबाइल पालथा नाही, उताणा. म्हणते, नाहीतरी पुण्याला जायचंय तर तिकडं अभ्यास कशाला सुरू करू.

माझे प्रश्न: ही यादी सरकते का? बोलावलंच तर मूळ कागदांचं काय? स्टेटस रिटेन्शनचा (मिळालेली जागाच कायम ठेवण्याचा) फॉर्म भरावा का? आणि मुख्य म्हणजे या लेकराला मी काय सांगू?

वानवडीचा_विद्यार्थी

ताई, मी एएफएमसीतून शिकलो, आता आर्मीत आहे. जमेल तेवढं सांगतो.

यादी सरकते. निवड झालेल्यांची वैद्यकीय तपासणी होते, त्यात काही जण अनफिट ठरतात. कुणाची नजर, कुणाला रंग नीट ओळखता येत नाहीत. काहींना अपील करता येतं आणि त्याचा निकाल लागेपर्यंत दिवस जातात. काही जण एम्स मिळालं म्हणून सोडतात, काही घरी बाँडचं, म्हणजे शिकून झाल्यावर सैन्यात सेवा देण्याच्या कराराचं वाचून मागे फिरतात. पण मुलींच्या जागाच कमी, त्यामुळे मुलींची यादी किती हलेल याचा आकडा कुणी सांगत असेल तर त्यावर विसंबू नका.

कागदांचं: सध्याच्या कॉलेजच्या डीनच्या सहीचं पत्र काढून ठेवा, त्यात जमा केलेल्या प्रत्येक मूळ कागदाचं नाव असू द्या. हे पत्र आयत्या वेळी मिळवताना दमछाक होते. ऑफिसातला क्लार्क रजेवर असतो, डीन मीटिंगला मुंबईला गेलेले असतात. ती परत गेली की पहिल्याच दिवशी अर्ज द्यायला सांगा.

स्टेटस रिटेन्शन भरलं की राज्याच्या पुढच्या फेऱ्यांतून तिचं नाव निघतं. राज्यातलंच दुसरं कॉलेज हवं असेल तर भरू नका, आहे त्यात समाधान असेल तर भरा. आणि कुणी काहीही सांगो, पुण्याचं पत्र हातात पडेपर्यंत इथली जागा रद्द करू नका. रद्द करायची शेवटची तारीख यंदाच्या माहितीपुस्तिकेत आहे, ती कॅलेंडरवर लाल पेनानं लिहा.

आता मुलाखतीचं. एकूण २५० गुणांत मुलाखत फक्त ५० ची. बाकीचे २०० नीट आणि त्या लेखी परीक्षेचे. म्हणजे एका न सांगितलेल्या गोष्टीवर तिचा नंबर ठरलेला नाही, हे तिला आकड्यांत दाखवा, नुसतं समजावू नका. आणि मला स्वतःला विचाराल तर आइसपॅक कानाला लावणारी मुलगी मला जास्त लक्षात राहिली असती. सैन्यात का यायचंय याची ठरवून आणलेली उत्तरं प्रत्येकाकडे असतात. मीसुद्धा एक पाठ करून गेलो होतो, आज ते मला आठवतही नाही. तिनं जे सांगितलं ते ती स्वतःच्या हातानं करत आली होती.

अजून एक, हे फार कमी मुलांना माहीत असतं. कुठल्याही मान्यताप्राप्त कॉलेजातून एमबीबीएस झालं, इंटर्नशिप आणि रजिस्ट्रेशन झालं, नीट-पीजी परीक्षा दिलेली असली, की सैन्यदलाच्या वैद्यकीय सेवेत शॉर्ट सर्व्हिस कमिशनसाठी (ठरावीक वर्षांच्या अधिकारपदासाठी) अर्ज करता येतो. माझ्या युनिटमधला माझा सगळ्यात जवळचा सहकारी तसाच आलाय, नांदेड जिल्ह्यातला आहे. वर्दी तीच, काम तेच.

परभणीचे_बाबा

ताई, आम्ही यातून गेलोय. मुलगा एएफएमसीच्या वेटिंगला होता. बॅग भरून दाराजवळ ठेवली होती त्यानं, येता-जाता पायाला लागायची. फोन आला नाही.

मी एकच गोष्ट करायला हवी होती ती उशिरा केली: यादी बघायचं काम स्वतःकडे घेतलं. त्याला सांगितलं, सकाळी दहाला आणि संध्याकाळी पाचला मी बघणार, मेलही मीच बघणार, काही असेल तर अर्ध्या मिनिटात तुला फोन. पहिले दोन दिवस त्याचा विश्वास बसला नाही, चोरून बघायचा. नंतर सोडून दिलं. झोपायला लागला. तुम्ही लवकर करा.

सुमन_औसा

दादा, बाबा, दोघांचे आभार. २५० आणि ५० चं गणित कागदावर करून दाखवलं. बराच वेळ कागदाकडं बघत बसली. काही बोलली नाही, पण काल रात्री हाताचा विषय काढला नाही. साइट बघायचं काम मी घेतलंय. परत जायचं मात्र अजून नाहीच म्हणते.

यवतमाळचा_जुना_डॉक्टर

सुमनताई, मुलीला हे वाचून दाखवा, तिच्यासाठीच लिहितोय.

बेटा, आमच्या वेळी राज्यात सीईटी नव्हती, बारावीच्या मार्कांवर यादी लागायची. मला एका कॉलेजात जागा मिळाली होती आणि मी दुसऱ्या कॉलेजच्या वेटिंगला होतो. मोबाइल नव्हते, वडील एसटीनं जाऊन नोटीस बोर्ड बघून यायचे. मी ठरवलं, तिकडं नाव लागेपर्यंत इकडं पुस्तक उघडायचं नाही. चाळीस दिवस घरी बसलो. नाव लागलं नाही, आणि मी पहिल्या कॉलेजात परत गेलो तेव्हा शवविच्छेदनाच्या टेबलावर हात संपून पाय सुरू झाला होता.

अॅनाटॉमीत, म्हणजे शरीररचनेच्या विषयात, बहुतेक ठिकाणी सुरुवात हातापासून होते. खांदा, काख, दंड, मनगट, तळवा. काखेतलं ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे हाताला जाणाऱ्या नसांचं जाळं, ज्यानं स्वतः चिमट्यानं चरबी बाजूला करत मोकळं केलं त्याला ते आयुष्यभर दिसतं. मी ते दुसऱ्या बॅचच्या टेबलावर वाकून, लोकांच्या खांद्यांमधून पाहिलं. पुढं तीस वर्षं हाडं जोडण्यात गेली आणि ती उणीव मला दरवेळी पुस्तक उघडून भरावी लागली.

तुझ्या आईच्या मनगटासाठी तू डॉक्टर होतेयस. त्या मनगटाची पाळी आत्ता, या महिन्यात, तुझ्या कॉलेजच्या टेबलावर आहे. पुण्याहून बोलावणं आलं तर शिकलेलं घेऊन जाशील, तिथं हात वेगळा नसतो. शिवाय परीक्षेला बसायला थिअरीत ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलमध्ये ८० टक्के हजेरी लागते. हे घरचे दिवस कोण भरून देणार?

सुमन_औसा

डॉक्टरसाहेब, वाचून दाखवलं. 'हात संपून पाय सुरू झाला होता' इथं ती उठून आत गेली. मला वाटलं रडतेय. बघितलं तर बॅग भरत होती. उद्या पहाटेच्या एसटीनं सोडते.

सुमन_औसा

खूप दिवसांनी लिहितेय. एक-दोघांनी निरोप पाठवून विचारलं, म्हणून.

यादी सरकली. आमच्या नंबरापर्यंत आली नाही. रोज दहा आणि पाचला मी बघत होते. एकदा लसीकरण सत्रात होते, अंगणवाडीत लेकरांची रांग लागलेली, पाच वाजून गेले, तर आशाताई म्हणाल्या, 'बाई, तुम्ही आधी बघून घ्या, मी रांग धरते.' शेवटची यादी बंद झाली त्या दिवशी मी तिला फोन केला. तिनं 'बरं' म्हणलं. मग दोन मिनिटं आम्ही दोघी फोन धरून नुसत्या होतो. मग म्हणाली, 'आई, ठेवते, साडेतीनला टेबल आहे.' मी साडीच्या पदरात तोंड घालून रडले, तिला कळू दिलं नाही. वाईट वाटलंच. अजून वाटतं. मिलिटरीची गाडी दिसली की वाटतं.

डीनच्या सहीचं ते पत्र तिनं पहिल्याच दिवशी काढलं होतं. ते तिच्या कपाटात आहे, फाडू नको म्हणाले. शॉर्ट सर्व्हिसची माहिती तिनं वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलीय.

दिवाळीला घरी आली. अंगाला, केसांना फॉर्मॅलिनचा वास, दोनदा न्हाऊनही गेला नाही. लक्ष्मीपूजनाच्या रात्री मी करंज्यांचा डबा बांधत होते, तिनं माझा डावा हात धरला आणि ट्यूबलाइटखाली नेला. अंगठ्याच्या बाजूनं दाबत दाबत वर आली. म्हणाली, 'हे रेडियस. इथं मोडलं होतं. आणि बघ, इथं असं सरकून जुळलंय.' इतकी वर्षं ते मनगट माझं आहे, आणि नेमकं कुठं मोडलं होतं ते मला त्या रात्री कळलं.

मग तिनं विचारलं, 'प्लास्टर किती दिवस होतं?'

मी म्हणाले, 'पंधरा.'

'पंधराच?' म्हणाली, आणि हात सोडलाच नाही. तसाच धरून बराच वेळ बोटं एकेक करून हलवून बघत राहिली.