मदत हवी आहे: रेझ्युमेवर वेब डेव्हलपर लिहू की वेब डिझायनर? आज रात्रीपर्यंत पाठवायचाय

जामनेरची | दुपारी ३:४०
पुण्याच्या एका कंपनीत जागा निघालीय. रात्री बारापर्यंत रेझ्युमे आणि कामाचे नमुने अपलोड करायचेत. मी दोन्ही कामं करते. डिझायनर लिहिलं की हिला कोड येत नाही असं धरतात, डेव्हलपर लिहिलं की पहिल्याच फेरीत अल्गोरिदम विचारतात. दोन्ही लिहिलं तर धड ना हे, धड ना ते. नक्की काय लिहायचं ते सांगा. 'आधी सर्च करा' म्हणू नका, करून झालंय.

मुक्काम_हिंजवडी | ३:५२
अनुभव किती? जागा कसली? जाहिरातीत काय लिहिलंय?

जामनेरची | ३:५५
अनुभव पुरेसा आहे. जाहिरात नेहमीसारखीच आहे. मला फक्त पदाचं नाव हवंय.

शेवभाजी_स्पेशल | ४:०१
ताई, पह्यले हाई सांग, तू करस काय? नेहमीसारखी जाहिरात म्हणजे कोणाच्या नेहमीसारखी? आम्ही काय तुझ्या स्क्रीनसमोर बसलोय का भो!

जामनेरची | ४:१०
बरं. पानांची रचना आधी फोटोशॉपवर करायचे, आता फिग्मावर. एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट येतं. वर्डप्रेस, म्हणजे साइट चालवायची तयार प्रणाली, तिची थीम स्वतः लिहिते, एलिमेंटरमध्ये ठोकळे ओढत बसत नाही. कामापुरतं पीएचपी. जळगावात एका एजन्सीत काही वर्षं होते, आता घरून करते. सराफ, बी-बियाण्यांची दुकानं, डाळ मिल, चटईचा कारखाना, शाळा अशा साइट केल्यात. लोगो करते आणि मंडळांची पावतीपुस्तकंसुद्धा, ती रेझ्युमेत घालणार नाही हे उघड आहे.

कोडकरी | ४:१६
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. वर्डप्रेस म्हणजे डेव्हलपमेंट नव्हे. रिअ‍ॅक्ट शिका, मग टाइपस्क्रिप्ट, मग नेक्स्ट जेएस. तोवर डेव्हलपर लिहूच नका.

जुना_पीएचपीवाला | ४:२४
आले रिअ‍ॅक्टवाले. अरे, वर्डप्रेस २००३ सालचं आहे आणि आजही जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त साइट त्याच्यावर चालतात. त्यांना टाळं कोण लावणार, तू? आमच्या वेळी फ्लॅशशिवाय भाकरी मिळणार नाही असं सांगणारे होते. डिसेंबर २०२० मध्ये अडोबीनेच फ्लॅश बंद केलं. मी भुसावळात बसून पीएचपी आणि जेक्वेरीवर घर बांधलंय.

कोडकरी | ४:२९
घर बांधलं असेल, पण आज जेक्वेरी लिहून मुलाखतीला जाऊन दाखवा ना सर.

जुना_पीएचपीवाला | ४:३१
मी कशाला जाऊ मुलाखतीला? मी घेतो.

अमळनेरकर_काका | ४:४०
बाळा, या साइटबिइट ठीक आहेत, पण सरळसेवा भरतीवर लक्ष ठेव. माझा पुतण्या खासगीत खूप फिरला, आता जिल्हा परिषदेत आहे. पेन्शनचं मात्र पूर्वीसारखं राहिलं नाही, २००५ च्या नोव्हेंबरपासून लागलेल्यांना नवी योजना. तो विषय वेगळा, त्यावर सविस्तर लिहीन.

जामनेरची | ४:४३
काका, पुढच्या वेळी नक्की. आज बारापर्यंतचं बघू.

मुक्काम_हिंजवडी | ४:४५
जाहिरात आहे तशी इथे टाक. तुझ्या शब्दांत नको.

जामनेरची | ४:५८
घ्या. 'फ्रंटएंड डेव्हलपर. फिग्मातल्या रचनेवरून रिस्पॉन्सिव्ह पानं उभी करणे. अ‍ॅक्सेसिबिलिटीची जाण हवी. हिंदी-मराठी आवृत्तीवर काम केलेलं असल्यास प्राधान्य. तीन नमुने जोडावेत, लाइव्ह लिंक किंवा कोड.'

मुक्काम_हिंजवडी | ५:०३
अगं, हे पहिल्या पोस्टीत का नाही लिहिलंस! फ्रंटएंड म्हणजे साइटची दिसणारी बाजू. फिग्मातलं चित्र घेऊन फोनवर न् संगणकावर नीट बसेल असं पान उभं करणारं माणूस हवंय त्यांना, आणि तू दोन्ही टोकं सांभाळतेस. त्यांनी जे पद लिहिलंय तेच नावाखाली लिही, 'फ्रंटएंड डेव्हलपर'. डिझाइनचं खाली एका ओळीत. रेझ्युमे पहिल्यांदा चाळणारं माणूस बहुतेक एचआरचं असतं, त्याला जाहिरातीतला शब्द दिसला पाहिजे. मिटला प्रश्न.

जामनेरची | ५:०९
मिटला कुठे? तीन नमुने कुठून आणू? लाइव्ह लिंक धड एकही नाही. सराफांच्या मुलाने मधे कोणाकडून तरी तयार टेम्प्लेट टाकून घेतलं, माझी साइट गेली. डाळ मिलवाल्यांनी डोमेनचे पैसेच भरले नाहीत. शाळेच्या साइटवर आता सरकता लाल मजकूर आणि सूचनांच्या सतराशे साठ पीडीएफ, ती माझी म्हणून दाखवायची लाज वाटते. आणि एजन्सीतली सगळ्यात चांगली कामं एजन्सी दाखवू देत नाही. 'काम आमचं आहे' म्हणतात. अनुभवाचं पत्रही दिलेलं नाही.

शेवभाजी_स्पेशल | ५:११
म्हणजे खरा प्रश्न हा होता. पदाचं नाव नुसतं निमित्त.

केळीवाला_रावेर | ५:२०
ताई, आमच्या शेतकरी गटाची साइट करायची आहे. केळीचे फोटो, भाव, फोन नंबर. किती घ्याल?

धुळ्याचा_सीए | ५:२६
घरून काम करता म्हणून सांगतो. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. कोणी घाबरवून नोंदणी करायला लावली तर करू नका, पुढे विवरणपत्रं भरत राहणं गळ्यात पडतं.

जामनेरची | ५:२८
सर, जीएसटीचं कोणी विचारलंय?

धुळ्याचा_सीए | ५:३३
नाही विचारलं, तरी आता मीच विचारतो. एजन्सी पगार देत होती की फी? किती कापायचे?

जामनेरची | ५:३६
पगारच. महिन्याला ठरलेला, १० टक्के कापून. पीएफ वगैरे काही नव्हतं.

धुळ्याचा_सीए | ५:४४
मग कागदावर तो पगार नाही. त्या वर्षांत पगारावर कलम १९२ प्रमाणे कर कापायचे, आणि तो स्लॅब बघून. सरसकट १० टक्के म्हणजे १९४जे, व्यावसायिक फी. इन्कम टॅक्सच्या साइटवर जाऊन त्या वर्षांचं २६एएस, म्हणजे तुमच्या नावावर कापलेल्या कराची नोंद, उघडा. कापणाऱ्याचं नाव, तारखा, रकमा सगळं दिसेल. अनुभवाचं पत्र देत नाहीत ना? अमुक काळात तुम्ही त्यांचं काम करत होतात याचा कागद आयकर खात्याकडे पडलेला आहे. पुण्याच्या कंपनीने पुढे चौकशी केली तर तो द्या. आज जोडायची गरज नाही, आणि जोडलात तर रकमा झाका.

तापीकाठ | ५:५५
यातून आणखी एक निघतं. मी वकील नाही, पण माझ्या स्वतःच्या भांडणात हे वाचावं लागलं होतं. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७. नोकरीत केलेल्या कामावर पहिला हक्क नोकरी देणाऱ्याचा असतो, वेगळा करार नसेल तर. पण तू नोकर नसून फीवर काम करणारी असशील, तर कोडचा पहिला हक्क तुझा. तो दुसऱ्याला द्यायचा तर कलम १९ प्रमाणे लेखी लागतं. एजन्सीने काही लिहून घेतलं होतं का?

जामनेरची | ५:५८
काही नाही. तोंडी सगळं.

मुक्काम_हिंजवडी | ६:०४
थांबा. रोज दहा ते सात त्यांच्या खुर्चीत, त्यांच्याच संगणकावर बसवत असतील, तर फी म्हणा नाहीतर आणखी काही, कोर्ट ती नोकरीच धरू शकतं. कापलेल्या करावरून तेवढं ठरत नाही. आज रात्री हिला हे भांडण उकरायला लावू नका. एजन्सीचं काम बाजूला ठेव. रेझ्युमेत 'अमुक प्रकारच्या ग्राहकांसाठी पानं उभी केली' एवढं लिही, चित्रं नकोत. नमुने घरून केलेल्या कामातून काढ. कोड आहे ना तुझ्याकडे?

जामनेरची | ६:०८
सराफांचा आणि डाळ मिलचा आहे. बियाण्यांच्या दुकानाचा पण.

मुक्काम_हिंजवडी | ६:१५
मग झालं की. थीम चालू करून पानं एचटीएमएलमध्ये उतरवून घे आणि ते फोल्डर नेटलिफाय या होस्टिंग सेवेवर ओढून टाक, लिंक लगेच मिळते. खाली ठळक लिही, 'प्रात्यक्षिक प्रत'. नोइंडेक्स लाव, नाहीतर गूगलवर डाळ मिल पुन्हा उगवायची. ग्राहकांना आधी व्हॉट्सअ‍ॅपवर विचार. जुनी साइट खरंच चालू होती हे दाखवायला वेबॅक मशीन या जुन्या पानांच्या संग्रहात पत्ता टाकून बघ.

कोडकरी | ६:२१
किंवा तेच पान रिअ‍ॅक्टमध्ये करून टाका. बारापर्यंत होईल.

जुना_पीएचपीवाला | ६:२२
हो, आणि मधल्या वेळात भरीतपण भाजून घे.

तापीकाठ | ६:४०
जाहिरातीतल्या ज्या ओळीवर तू उभी राहू शकतेस तिच्याबद्दल कोणीच विचारलं नाही. 'हिंदी-मराठी आवृत्ती'. त्यात तू नेमकं काय केलंस? 'साइट मराठीत केली' असं सांगू नको.

जामनेरची | ७:०५
त्यात काय विशेष, सगळे करतात. डाळ मिलचा मजकूर श्रीलिपी या जुन्या फॉन्टपद्धतीत टाइप केलेला होता, वेबवर टाकला की नुसता चिखल. तो युनिकोडमध्ये आणला, आणि रूपांतरात रफार न् जोडाक्षरं जिथे बिघडली ती हाताने बसवली. सराफांच्या आधीच्या डिझायनरने मथळ्यांना लेटर-स्पेसिंग दिलं होतं. इंग्रजीत ते छान दिसतं, मराठीत शिरोरेखा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. ते काढलं. ओळींची उंची इंग्रजीच्या हिशेबाने होती, त्यामुळे वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जायचे, बटणावर तर हमखास. बटणांची ठरावीक रुंदी काढून टाकली, कारण 'बाय नाऊ'च्या मापाच्या खोक्यात 'आता खरेदी करा' मावत नाही. पानाला भाषा म्हणून 'एमआर', म्हणजे मराठीची खूण, लावलं. काही फॉन्टमध्ये ते लावल्यावरच मराठी वळणाचे ल आणि श येतात, नाहीतर हिंदी वळणाचे.

बियाण्यांच्या दुकानात गिऱ्हाईक बांधावर उभं राहून फोन बघतं. मे महिन्यातल्या जळगावच्या उन्हात पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षर दिसतच नाही. म्हणून रंगांचा फरक ४.५ ला १ च्या वर ठेवला, जो तसाही अ‍ॅक्सेसिबिलिटीचा, म्हणजे अधू नजरेच्या माणसालाही साइट वापरता यावी यासाठीचा, नियम आहे. फोटो वेबपी या हलक्या प्रकारात केले, कारण यावलच्या पुढे सातपुड्याकडे गेलं की नेट रडतं. दुकानदार म्हणाला, रंग भडक झाला. मी त्याला दुकानाबाहेर उन्हात नेऊन दोन्ही फोनवर दाखवलं, मग गप्प बसला.

तापीकाठ | ७:१२
हेच, असंच्या असं, प्रत्येक नमुन्याखाली चार ओळीत लिही. 'फिग्मा: ९० टक्के' असले पट्टे रेझ्युमेत असतील तर काढ. कशाचे ९० टक्के, कोणालाच कळत नाही.

कोडकरी | ७:१८
ल आणि श चं मला माहीत नव्हतं. पण हे सीएसएस झालं, डेव्हलपमेंट नाही.

शेवभाजी_स्पेशल | ७:१९
ह्याला कोणीतरी आवरा.

अमळनेरकर_काका | ८:०२
वरची पेन्शनची माहिती अपुरी राहिली म्हणून खाली सविस्तर देत आहे…

जामनेरची | ११:२४
पाठवला. नावाखाली 'फ्रंटएंड डेव्हलपर' आणि एका ओळीत 'रचना फिग्मात स्वतः करते'. सराफ म्हणाले, टाक पोरी, फक्त जुने भाव काढ. डाळ मिलवाल्यांनी निळी खूण केली पण उत्तर दिलं नाही, म्हणून नाव आणि लोगो काढून ठेवलं. वेबॅक मशीनवर त्यांचं पहिलं पान सापडलं, अर्धे फोटो गायब. बियाण्यांच्या दुकानाची साइट अजून चालू आहे हे मी विसरूनच गेले होते, तिची सरळ लिंक दिली. सीए सर, २६एएस काढून ठेवलंय.

मुक्काम_हिंजवडी | ११:३१
बोलावलं तर सांग. अपेक्षित पगार काय लिहिलास?

जामनेरची | ११:३३
तो रकाना रिकामा सोडला.

मुक्काम_हिंजवडी | ११:३४
रिकामा!! अजून पंचवीस मिनिटं आहेत, बदलता येतो का बघ.

केळीवाला_रावेर | ११:४०
ताई, आमच्या साइटचं राहिलं. किती?

जामनेरची | ११:५२
पगार भरला. दादा, आधी सांगा: फोटो आहेत का, भाव रोज कोण बदलणार, आणि मजकूर मराठीत हवा ना? डोमेन गटाच्या नावावर घ्या, माझ्या नको आणि कोणा भाच्याच्या तर अजिबात नको. अर्धे पैसे आधी.

केळीवाला_रावेर | ११:५५
अर्धे आधी? आमच्याकडून व्यापारी माल उचलतो आणि पैसे पंधरा दिवसांनी देतो.