प्रश्न मोठ्या झाडाचा नाही, रोपाचा आहे

जे झाड ४५ डिग्री सोसतं तेच मराठवाड्यात टिकतं, असं म्हणतात ते अर्धंच पटतं. मोठा लिंब (कडुलिंब) बीडच्या मे महिन्यात हिरवागार उभा असतो, पण खरी परीक्षा रोपाची असते, कारण लिंबोळीतलं बी फार दिवस जिवंत राहत नाही आणि लिंबोळ्या नेमक्या जून-जुलैत पिकून पडतात म्हणून पहिल्या पावसात उगवतात, पाऊस लांबला की गेल्याच.

आमच्याकडं बांधावर बघा, मोकळ्या रानात लिंबाचं रोप क्वचितच दिसतं, बाभळीच्या बुडाशी मात्र हमखास, कारण पाखरं फांदीवर बसून बिया तिथंच टाकतात, सावलीत ओल राहते आणि काट्यांमुळं शेळ्यांचं तोंड पोचत नाही. आता बांधावरच्या बाभळीच तोडल्या तर नवा लिंब उगवणार कुठं?