प्रोग्रॅमिंग जमत नाही, कारण गणित शिकवलंच गेलेलं नाही

नौपाडाकर

ठाण्यात डिप्लोमाच्या मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवतो. "सर, सिंटॅक्स येतो पण लॉजिक सुचत नाही" हे दर वर्षी ऐकतो. म्हणजे भाषेचे लिहिण्याचे नियम पाठ, पण पायऱ्या कशा रचायच्या ते कळत नाही. पालक म्हणतात, सी सोडा, पायथन शिकवा. भाषा बदलून हे दुखणं जात नाही, असं माझं ठाम मत आहे.

देवळालीच्या शाळेतले शिक्षक द. रा. कापरेकर यांनी १९४९ साली शोधलेली ६१७४ ही संख्या घ्या. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यायची, अंक उतरत्या क्रमाने लावायचे, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची. हेच करत राहिलं की जास्तीत जास्त सात फेऱ्यांत ६१७४ येते. ३५२४ घेतली तर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४.

वहीत सगळ्यांना जमतं. प्रोग्रॅमही ३५२४ ला बरोबर चालतो. १००० दिली की उत्तर येतं शून्य! कारण १००० वजा १ म्हणजे ९९९. प्रोग्रॅम तीनच अंक धरतो आणि ९९९ मधून ९९९ वजा करतो. तिथे ०९९९ धरायला हवं होतं, पण ते कुणी ठरवलेलंच नसतं. प्रत्येक संख्येला लागू पडेल असं बोलणं, हेच गणित. शाळेत आपण फक्त दिलेल्या उदाहरणाचं उत्तर काढायला शिकतो.

महापे_लोकल

असहमत. मी बँकिंग सॉफ्टवेअरवर काम करतो. गणितात काळ नसतो, प्रोग्रॅममध्ये असतो. क्ष = क्ष + १ हे बीजगणितात अशक्य, कोडमध्ये रोजचं. नवखा अडतो तो इथेच: ही ओळ चालण्याआधी क्ष किती होता, नंतर किती झाला? खात्यात १००० रुपये आहेत आणि दोन ठिकाणांहून एकाच क्षणी ७०० काढायची विनंती आली, तर दोघांनाही १००० दिसू शकतात. हे बीजगणिताच्या तासाला कुठे भेटतं?

आणि बायनरी सर्चचं काय, म्हणजे क्रमाने लावलेल्या यादीत दर वेळी मधला घटक बघून निम्मी यादी सोडून द्यायची रीत? रीत सिद्ध झालेली, तरी जावा भाषेच्या लायब्ररीतला तिचा कोड मोठ्या अ‍ॅरेवर (यादीवर) कोसळू शकतो, हे २००६ मध्ये जाहीर झालं. मधली जागा काढताना दोन टोकांच्या क्रमांकांची बेरीज २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे गेली की ऋण व्हायची.

नौपाडाकर

हे तर माझ्याच बाजूचं उदाहरण झालं. सिद्धता अमर्याद पूर्णांकांची होती, मशीनचे पूर्णांक ३२ बिटांचे, म्हणजे ठरावीक मर्यादेतले. ते घड्याळाच्या काट्यासारखे फिरून मागे येतात आणि त्यांचंही रीतसर गणित आहे. काळाचं म्हणाल, तर लूपच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ओळींच्या, प्रत्येक फेरीत काय खरं राहतं हे मांडायची पद्धत संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६९ मध्येच दिली. आपण ती शिकवत नाही.

घणसोली_सेक्टर

तुम्ही दोघंही फार वरून बोलताय. माझी मुलगी मराठी माध्यमातली. लॅबमध्ये एका मशीनवर दोघी, कीबोर्ड कायम दुसरीकडे. लाल अक्षरांत इंग्रजी एरर आली की वाचायच्या आधीच खिडकी बंद. घरी शेजारी बसून रोज एकच एरर शब्द लावून वाचायला लागलो, तेव्हा गाडी पुढे सरकली. होअर नंतर बघू.

महापे_लोकल

+१. कामावरही एरर न वाचणारे भेटतात.

निवृत्त_गणित_शिक्षिका

नौपाडाकर, मुलं अडतात हे खरं, पण तुमचं गणिताचं चित्र अर्धंच आहे. नेमकेपणा शेवटी येतो. आधी आकडे मांडायचे, मोडायचे, पुन्हा मांडायचे. कापरेकर तेच करत. ६१७४ ची खात्री तर सगळ्या चार अंकी संख्या तपासूनही करता येते. चार रंगांचं प्रमेय (कोणत्याही नकाशात शेजारचे प्रदेश वेगळ्या रंगात दाखवायला चार रंग पुरतात) १९७६ मध्ये संगणकाला हजाराहून जास्त प्रकार तपासायला लावूनच सिद्ध झालं. तुमच्या विद्यार्थ्याच्या प्रोग्रॅमचं उत्तर शून्य आलं, तिथे त्याचे गुण कापलेत की "का आलं?" म्हणून त्याला आणखी एक तास दिलात?

नौपाडाकर

बाई, तास द्यायलाच हवा, मान्य. पण "का" शोधताना त्याला शेवटी "चार अंकी म्हणजे काय" हेच ठरवावं लागेल. त्यामुळे मूळ मुद्दा मी सोडत नाही. येत्या सत्रात लेखी परीक्षेत एक प्रश्न असाच घालतो: चालणारा प्रोग्रॅम छापून द्यायचा आणि तो कोणत्या इनपुटला चुकेल ते विचारायचं.

घणसोली_सेक्टर

घाला. पण तो प्रश्न मराठीतही छापा.