ताईच्या कॅसेटमधलं नाचाचं गाणं शनिवारच्या आत हवंय

पार्लेकरीण: शनिवारी ताईची पन्नाशी. कॉलेजात असताना ती एका गाण्यावर रोज नाचायची आणि आम्ही वाड्यातली सगळी पोरं तिच्या मागे ओळीत. बाई गाते, 'नाईट' शब्द येतो. तासभर यूट्यूब धुंडाळलं. नाव सांगा, लवकर! ताईला विचारा म्हणू नका, सरप्राइज आहे.

ट्रॅक४: हिंदी की इंग्रजी? साल?

गिरगावकर: अलिशा चिनॉय, 'मेड इन इंडिया', १९९५. डोळे मिटून लावा.

पार्लेकरीण: इंग्रजी हो! हिंदी असतं तर इथे कशाला आले असते?

कॅसेटवाला: कॅसेट आहे ना? मग इंटरनेट कशाला? रीळ गुंतलं असेल तर पेन्सिल घालून हळू फिरवा. तुटलं असेल तर सेलोटेपचा बारीक तुकडा, पण मागच्या बाजूने.

पार्लेकरीण: कॅसेट २६ जुलैच्या पाण्यात गेली. वर ताईच्या अक्षरात 'हात लावू नये' लिहिलेलं, पाण्याला वाचता येत नव्हतं.

निशाचर: कोरोना नावाच्या इटालियन ग्रुपचं 'द रिदम ऑफ द नाईट', १९९३. पैज लावतो. गंमत म्हणजे व्हिडिओत दिसते ओल्गा सूझा, गायलीय जेनी बी. इटलीवाल्यांचा हा धंदाच होता. तिथल्याच ब्लॅक बॉक्स ग्रुपने १९८९ साली 'राइड ऑन टाइम'मध्ये लोलीटा हॉलोवेच्या जुन्या गाण्यातला आवाज उचलला आणि ओठ हलवायला मॉडेल उभी केली.

गिरगावकर: त्यात काय एवढं? आपलं अख्खं प्लेबॅक तेच.

निशाचर: आपण गाणारीचं नाव तरी छापतो.

गिरगावकर: छापतो? 'महल' आला १९४९ला. 'आयेगा आनेवाला'च्या तबकडीवर लताबाईंचं नाव नव्हतं, 'कामिनी' होतं, म्हणजे मधुबालाच्या पात्राचं. बोला.

पार्लेकरीण: पन्नाशी ताईची आहे, लताबाईंची नाही! कोरोनावालं ऐकलं. छान आहे, पण ते नव्हे.

सेक्रेटरी_बी_विंग: हॉल सोसायटीचा असेल तर रात्री दहाला स्पीकर बंद. नंतर तक्रार नको.

पार्लेकरीण: दुपारचं जेवण आहे हो, घरातच.

ट्रॅक४: सुरुवातीला काय वाजतं? ड्रम, पियानो, काहीही आठवा.

पार्लेकरीण: हसू नका. बदक ओरडल्यासारखं काहीतरी. बाबा दर वेळी पेपरातून मान वर करून म्हणायचे, "आलं बदक."

ट्रॅक४: अहो ताई, हे पहिल्या ओळीत नको का सांगायला! व्हिगफील्डचं 'सॅटर्डे नाईट'. १९९४ साली ब्रिटनमध्ये आलं ते थेट पहिल्या नंबरावर. 'वेट वेट वेट' या बँडचं 'लव्ह इज ऑल अराउंड' पंधरा आठवडे तिथं ठाण मांडून होतं, त्याला उठवलं हिने. बाई डेन्मार्कची, गाणं बनलं इटलीत.

निशाचर: इटलीच ना? म्हणजे मी फारसा चुकलो नव्हतो.

पार्लेकरीण: हेच!!! लोकलमध्ये हेडफोन लावून ऐकलं आणि पार्ल्याला उतरायचंच राहिलं, अंधेरीहून परत आले. ट्रॅक४, जेवायलाच या. आता एकच सांगा, शेवटी उडी मारून सगळे एकदम वळायचो, ते कुठल्या बाजूला?

गिरगावकर: तरी 'मेड इन इंडिया' हाताशी ठेवा. बदकावर काकू-मामी उठणार नाहीत.

कॅसेटवाला: पाण्यातून काढल्यावर पंख्याखाली वाळवली होती का?