लक्षद्वीपवाल्यांनो, पाण्यात कोण कोण उतरणार ते सांगा

महाजन काका (ए-२०१): सर्वांना नमस्कार. लक्षद्वीपच्या ट्रिपला ज्यांचं बुकिंग झालंय त्यांनी उद्या संध्याकाळपर्यंत नावं टाका, स्नॉर्केलिंग (डोळ्या-नाकावर काचेचा मास्क, तोंडात नळी, आणि पाण्यावर पालथं तरंगत खाली बघायचं) कोण करणार, तळाला काच असलेल्या बोटीत कोण बसणार आणि कोण नुसतं किनाऱ्यावर नारळपाणी पिणार. परमिटचे कागद ज्यांचे राहिलेत त्यांनी तेही द्या. आपल्याच देशात जायला परमिट कशाला हे मला विचारू नका, लागतं म्हणजे लागतं.

चौधरी वहिनी (बी-१०३): काका क्रूझवर कपडे काय न्यायचे, डिनरला गाऊन वगैरे चालतात का, माझ्या बहिणीने सिंगापूरच्या क्रूझचे फोटो टाकले होते

भोळे वहिनी (बी-३०२): वहिनी ते क्रूझ डोक्यातून काढा आधी. आम्ही जाऊन आलोय म्हणून सांगते, हे सरकारी जहाज आहे, एमव्ही कवरत्ती, ७०० च्या आसपास माणसं बसतात, त्यात बेटावरचे लोक पण असतात, कोणी कोचीला दवाखान्यात येऊन परत चाललेलं, कोणी पोराच्या ॲडमिशनचं काम करून चाललेलं. समुद्रम पॅकेज म्हणतात त्याला. रात्री जहाजावर झोपायचं आणि दिवसा एकेक बेट, कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय. गाऊन ठेवा घरी, कॉटनचे ड्रेस घ्या आणि चपला मागून पट्टा असलेल्या घ्या, बोटीत चढताउतरताना साध्या चपला पायात राहत नाहीत.

सोनवणे (डी-१०४): कॅसिनो नाही का मग. आणि संध्याकाळी बसायची काही सोय?

भोळे वहिनी (बी-३०२): भाऊ दारूबंदी आहे तिथे, एक बंगाराम बेट सोडलं तर कुठेच नाही, आणि बंगाराम आपल्या रूटवर नाही. बॅगेत लपवून पण नेऊ नका, तुमच्यामुळे सगळ्यांची झडती होईल.

सोनवणे (डी-१०४): मग आपण हतनूर धरणावर जाऊ या, पाणी तिथे पण आहे

महाजन काका (ए-२०१): विषयावर या.

पाटील नाना (सी-००२): भो माले पवता येस, तापीमा शिकेल शे मी. पन ते नळीवरी तोंडघाई श्वास लेनं माले काही जमाव नही. तुमी जा पान्यात, मी काठवर बशीसन दखसू.

भोळे वहिनी (बी-३०२): नाना तुम्हाला तर सगळ्यात आधी जमेल. पोहणाऱ्यालाच जास्त मजा येते. पोहता न येणारे पण करतातच, लाइफ जॅकेट असतं, माणूस बुडत नाही, फक्त पालथं पडून राहायचं आणि खाली बघायचं. पण एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते, सगळ्यांनी वाचा, नंतर परत परत विचारू नका. बेटावर आपण सकाळी उतरणार आणि अंधार पडायच्या आत जहाजावर परत, त्यात ते लोक नारळपाणी देऊन स्वागत करतात, मग जेवण, मग म्युझियम नाहीतर दीपगृह, मग नाच, असं करत करत पाण्यात आपला नंबर लागतो तेव्हा हातात थोडासाच वेळ असतो. आणि आमच्या वेळी अर्ध्या लोकांचा तो वेळ मास्क लावण्यातच गेला. एक काकू मास्क लावायच्या, तोंड पाण्यात घालायच्या, घाबरून नाकाने श्वास ओढायच्या, की मास्क चिकटायचा चेहऱ्याला, परत काढायच्या. शेवटी शिट्टी झाली आणि त्यांनी एक मासा सुद्धा पाहिला नाही. म्हणून मी म्हणते शिकायचं ते जळगावातच शिकून जा, तिथे फक्त बघायचं.

चौधरी वहिनी (बी-१०३): इथे कुठे शिकणार, समुद्र आहे का इथे

भोळे वहिनी (बी-३०२): समुद्र कशाला हवाय, टब चालतो. मोठं घंगाळ घ्या पाणी भरून, मास्क लावा, नळीचं रबर दातात धरा, ओठ बंद, आणि तोंड पाण्यात घालून हळूहळू तोंडाने श्वास घ्यायचा आणि सोडायचा. पहिल्यांदा दोन मिनिटात छाती धडधडते, कारण आपल्याला तोंड पाण्यात आणि श्वास चालू ही सवयच नाही. चार-पाच वेळा केलं की मन शांत होतं. ते झालं की रविवारी स्विमिंग पूल.

बंटी (पप्पांच्या फोनवरून, डी-४०२): काकू एक डाऊट, नळी एवढीशीच का असते? आमच्या शेतात ठिबकच्या नळीचं आख्खं बंडल पडलंय, लांब नळी जोडली तर दहा फूट खोल जाऊन आरामात बसता येईल ना

सोनवणे (डी-१०४): बंटी शास्त्रज्ञ

भोळे वहिनी (बी-३०२): हसू नका, प्रश्न बरोबर आहे त्याचा. डॉक्टर मॅडम सांगा ना याला नीट.

डॉ. मॅडम (ए-४०४): बंटी, अजिबात करू नको हे, विहिरीत पण नाही आणि स्विमिंग टँकमध्ये पण नाही. दोन कारणं आहेत. एक म्हणजे तू जो श्वास सोडतोस तो नळीत राहतो आणि पुढच्या वेळी तोच आधी आत येतो. नळी छोटी असेल तर थोडा जुना आणि बाकी ताजा, पण लांब असेल तर तू आपलीच सोडलेली हवा आत-बाहेर करत बसशील आणि कार्बन डायऑक्साइड वाढत जाऊन चक्कर येईल. दुसरं म्हणजे पाण्याचं वजन. मीटरभर खाली गेलं तरी छातीवर पाण्याचा एवढा दाब असतो की वरची हवा ओढायला फासळ्यांचे स्नायू पुरे पडत नाहीत, अगदी पैलवान असला तरी. टाकीवाले डायव्हर खोल जातात कारण त्यांच्या टाकीतली हवा आजूबाजूच्या दाबाएवढ्याच दाबाने येते. म्हणून स्नॉर्केलची नळी हातभरापेक्षा कमीच असते आणि आपण पृष्ठभागावरच राहायचं.

बंटी (पप्पांच्या फोनवरून, डी-४०२): ओके मॅडम. मग ठिबक कॅन्सल

डॉ. मॅडम (ए-४०४): आणि विषय निघालाच आहे तर मोठ्यांसाठी. ज्यांना बीपी आहे, अँजिओप्लास्टी झालीये, दम लागतो, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच पाण्यात उतरा. सोपा खेळ वाटतो पण हवाई बेटांवर बुडून जाणाऱ्या पर्यटकांत स्नॉर्केलिंग करणारेच सगळ्यात जास्त असतात. यात माणूस ओरडत नाही, हात मारत नाही, पालथा तरंगत असतो आणि बाकीच्यांना वाटतं मासे बघतोय. म्हणून जोडीनेच उतरायचं आणि थोड्या थोड्या वेळाने जोडीदाराचा खांदा हलवायचा. थकलं तर उताणं व्हायचं, नळी तोंडातून काढायची, हात वर. आणि दम लागतोय असं वाटलं की लगेच बाहेर, पैसे भरलेत म्हणून ओढून न्यायचं नाही.

महाजन काका (ए-२०१): माझी बीपीची गोळी चालू आहे, मी काचेच्या बोटीत. लिहून घेतलं.

वॉचमन दादांचा निरोप (सेक्रेटरी टाकताहेत): सी विंगची मोटर चालू आहे, टाकी भरून वाहतेय, कोणी तरी बंद करा.

पाटील नाना (सी-००२): केली बंद.

सपकाळे (बी-४०१): माझा चष्मा आहे, मायनस पाच, मला तर खाली सगळं धुकंच दिसणार

भोळे वहिनी (बी-३०२): चष्मा घालून मास्क बसत नाही, काडीच्या फटीतून पाणी येतं. नंबरचा मास्क मिळतो, मुंबईहून मागवता येतो. आणि पाण्याखाली वस्तू असतात त्याच्यापेक्षा जवळ आणि मोठ्या दिसतात, साधारण तीसेक टक्के, त्यामुळे नंबर कमी असेल त्यांचं तसंही भागतं. तुमचं पाच नंबरचं नाही भागणार. धुकं म्हणाल तर ते वाफेचं, त्यावर उपाय म्हणजे काचेच्या आतून थुंकी लावायची, चोळायची आणि एकदा विसळायचं.

चौधरी वहिनी (बी-१०३): शी!!

भोळे वहिनी (बी-३०२): स्वतःचीच असते हो. नाहीतर लहान मुलांच्या शाम्पूचा एक थेंब. आणि मास्क घेताना पट्टा न लावता चेहऱ्याला लावून नाकाने थोडी हवा ओढायची, हात सोडल्यावर तो तसाच चिकटून राहिला तर मापाचा. नाही राहिला तर दुसरा मागा, लाजू नका. यात खरी अडचण मिशीवाल्यांची, केसांमधून पाणी झिरपतं.

सोनवणे (डी-१०४): नाना!!!!

पाटील नाना (सी-००२): मिशी काढाव नही. आत्तेच सांगी देस.

भोळे वहिनी (बी-३०२): काढू नका नाना, मिशीच्या वरच्या कडेला, नाकाखाली, व्हॅसलिनचा जाड थर द्यायचा, बराच फरक पडतो. तरी थोडं येईलच, मग मान वर करून मास्कची वरची कड दाबायची आणि नाकाने जोरात फुंकायचं, पाणी खालून निघून जातं. नळीत पाणी गेलं तरी तेच, तोंडाने एकदा जोरात फू, पाणी वरून उडतं. हे दोन येत असेल तर माणूस घाबरत नाही. बाकी पायात ते रबरी पंखे, फ्लिपर, घालून पुढे चालू नका, उलटं चालायचं, नाहीतर तोंडावर पडाल.

कुलकर्णी काकू (ए-१०२): मला पाण्यात उतरायचं नाही पण येताना तिथून पोवळं मिळतं का गं, माझ्या नातवाला गुरुजींनी मंगळासाठी अंगठीत घालायला सांगितलंय, इथे सराफाकडे फार महाग

भोळे वहिनी (बी-३०२): काकू, अंगठीतलं लाल पोवळं वेगळं, ते भूमध्य समुद्रातून वगैरे येतं. लक्षद्वीपचं ते खडकासारखं, पांढरं-तपकिरी, त्याला हात सुद्धा लावायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ते पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. किनाऱ्यावर मेलेला तुकडा पडलेला असला तरी पिशवीत टाकायचा नाही. पोरांना आधीच सांगून ठेवा, पोरं खिसे भरतात.

कुलकर्णी काकू (ए-१०२): अगं बाई, दगडाला एवढा कायदा

भोळे वहिनी (बी-३०२): दगड नाही काकू, जीव आहे तो. हजारो बारीक बारीक प्राणी एकमेकांना चिकटून राहतात आणि खाली चुन्याचं घर बांधत जातात, गोल प्रकारची पोवळी वर्षाला जेमतेम सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर वाढतात. आणि आपला माणूस काय करतो, कल्पेनीला लगूनमध्ये, म्हणजे खडकांच्या आतल्या उथळ समुद्रात, पाणी कमरेएवढं, तर दमला की सरळ उभा राहतो त्याच्यावर. फ्लिपरखाली कडकन मोडतं आणि वरून पायाला कापतं ते वेगळं, ती जखम लवकर भरत नाही. उभं राहायचं तर पांढऱ्या वाळूवर. काळ्या काट्यांचे समुद्री साळू खडकाच्या खाचेत असतात, म्हणून खाचेत हात घालायचा नाही.

पाटील नाना (सी-००२): पन आता ते पोवळे मरी ऱ्हायनात असं पेपरमा वाचेल शे.

भोळे वहिनी (बी-३०२): खरं आहे नाना. २०२४ च्या उन्हाळ्यात लक्षद्वीपचं पोवळं फार मोठ्या प्रमाणात पांढरं पडलं, त्याआधी १९९८, २०१० आणि २०१६ ला पण झालं होतं. तुमच्या चोपड्याच्या केळीचं मे महिन्यात जे होतं ना तेच, पारा ४५ च्या वर गेला की पानं करपतात, घड सटकतो. फक्त पोवळ्याला एवढी वाढ लागत नाही, नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादा अंश जास्त आणि तो काही आठवडे टिकला की झालं. त्याच्या अंगात बारीक शेवाळ राहतं, तेच त्याला खायला घालतं आणि रंग पण त्याचाच. पाणी तापलं की ते शेवाळ बाहेर टाकलं जातं आणि उरतो पांढरा सांगाडा दिसणारा जीव. लगेच मरत नाही, पाणी गार झालं तर सावरतं, नाहीतर उपाशी मरतं. तेव्हा फोटोत दिसतं तसं रंगीत सगळीकडे मिळेल या आशेने जाऊ नका.

सोनवणे (डी-१०४): मग बघायचं काय, पांढरे दगड?

भोळे वहिनी (बी-३०२): मासे हो! हिरवा-निळा पोपट मासा असतो, चोचीने पोवळ्याचा खडक खरवडतो, पाण्यात कान दिला तर कुरकुर कुरकुर आवाज येतो, मी आधी म्हटलं माझ्या नळीत काहीतरी अडकलंय. खडकावरचं शेवाळ खातो आणि चुना बारीक करून मागून सोडतो, तिथल्या पांढऱ्या वाळूत त्याचा मोठा वाटा आहे. त्या वाळूवर लोळणाऱ्यांना हे आधी सांगू नका. कासवं दिसतात हिरवी, समुद्रकाकड्या, म्हणजे काकडीसारखे दिसणारे प्राणी, पडलेल्या असतात वाळूत, त्याही कायद्यात आहेत, उचलून सेल्फी नको. आणि ते केशरी पट्ट्याचे चिमुकले मासे, त्यांच्या समुद्रफुलात (ॲनिमोनीत) बसून आपल्याच अंगावर धावून येतात, बोटाएवढा जीव पण काय रुबाब.

चौधरी वहिनी (बी-१०३): पाण्यात घालायचं काय पण, साडी तर नाहीच

भोळे वहिनी (बी-३०२): लेगिंग आणि पूर्ण बाह्यांचा टाइट टीशर्ट, ओढणी नको, अडकते. गावातले लोक साधे, मुस्लिम वस्ती आहे, तोकड्या कपड्यात गावातून फिरलेलं त्यांना आवडत नाही, आणि आपल्याला पण टीशर्टचा फायदाच, पालथं पडल्यावर पाठ आणि गुडघ्यामागची कातडी अशी भाजते की रात्री बर्थवर पाठ टेकत नाही. क्रीमपेक्षा कापड बरं, क्रीममधली काही रसायनं पोवळ्याला बाधतात म्हणून हवाईने २०२१ पासून ती विकायला बंदी केलीये.

महाजन काका (ए-२०१): प्रवासाचं पण सांगून टाका, गाडीचं विचारताहेत.

भोळे वहिनी (बी-३०२): मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस, आपल्या भुसावळ-जळगाववरूनच जाते, कोकणातून थेट एर्नाकुलम, दीड दिवस धरा. जहाज सुटायच्या दिवशी सकाळी पोहोचू असं करू नका, आधी एक रात्र कोचीत काढा, परतीला पण मधे एक दिवस मोकळा ठेवा, हवा बिघडली की जहाज उशिरा येतं. उलटीची गोळी जहाजात चढायच्या आधी घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर नाही, आणि कोणती ते मॅडमना विचारा. जहाज प्रवाळाच्या बाहेर उभं राहतं, तिथून छोट्या बोटीत उतरावं लागतं, दोन्ही वरखाली होत असतात. खलाशी हात धरून सांगतो तेव्हाच पाय टाकायचा, त्याच्या आधीही नाही आणि नंतर विचार करतही नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी खरंच विचार करा.

डॉ. मॅडम (ए-४०४): गोळीने झोप येते. गोळी खाऊन लगेच पाण्यात उतरू नका, आधी अंदाज घ्या.

महाजन काका (ए-२०१): ठरलं मग, रविवारी सकाळी सात वाजता पूल, मास्क भोळे वहिनींकडे दोन आहेत, आळीपाळीने. आत्तापर्यंत पाण्यात: सपकाळे, बंटी आणि त्याचे पप्पा, सोनवणे, डॉक्टर मॅडम. काचेच्या बोटीत मी आणि कुलकर्णी काकू. नाना?

पाटील नाना (सी-००२): व्हॅसलिन कोन आनी?

भोळे वहिनी (बी-३०२): मी आणते नाना.

पाटील नाना (सी-००२): मंग लिखी ल्या.

चौधरी वहिनी (बी-१०३): काका माझं नाव काचेच्या बोटीत लिहा आणि ह्यांचं पाण्यात. ह्यांना अजून सांगितलेलं नाही, कोणी बोलू नका.

चौधरी भाऊ (बी-१०३): मी पण याच ग्रुपवर आहे